आज काय सरकलं?

पत्र : ताई, माझं वय ३९. दीड वर्षापूर्वी मोठ्या आजारातून उठले. रिपोर्ट आता चांगले आहेत, डॉक्टर म्हणतात तुम्ही बऱ्या झालात. मन मात्र अजून परत आलेलं नाही. मी घरून अनुवादाचं काम करते. एक पुस्तक पाच महिने अर्धवट पडलंय. रोज सकाळी पंधरा कामांची यादी करते, रात्रीपर्यंत त्यातली जेमतेम तीन होतात. मग झोपण्याआधी काय काय राहिलं ते डायरीत लिहून काढते. नवरा समजूतदार आहे, पण मी बोलायला लागले की दोन मिनिटांत उपाय सांगतो आणि मला आणखीच नालायक वाटतं. सगळ्यात जवळच्या मैत्रिणीशी चार महिने बोललेले नाही. तिचे फोन आले, मेसेज आले. तिला काय सांगू? सांगण्यासारखं काही घडतच नाही. आता तर इतके दिवस झालेत की फोन करायची लाज वाटते. कधी कधी वाटतं, सगळं आहे तिथेच थांबावं. आधी मन ताळ्यावर आणू, की आधी कामं उरकू?

उत्तर :

तुमच्या पत्रातली एक ओळ आधी घेते. ‘सगळं आहे तिथेच थांबावं’ असं लिहून तुम्ही लगेच प्रश्नाकडे वळलात. मी मात्र त्या ओळीशी अडून बसले, कारण तिचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे, मी दमलेय, मला जरा उसंत द्या. दुसरा म्हणजे, आता जगणंच नको. तुमच्या मनात यातला कोणता होता हे मला इथून कळणार नाही, म्हणून सरळच विचारते : मरणाचे विचार येतात का? अगदी पुसट का होईना, येत असतील तर हे उत्तर बाजूला ठेवा, आजच नवऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगा आणि त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. तसं होत नाही. उलट, विचारणारं कोणी भेटलं की एकटीने पेलत असलेली गोष्ट दुसऱ्याच्या हातात थोडी तरी देता येते.

तो विचार नसला तरीही डॉक्टरांना एकदा भेटाच. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खाली बसलेलं असेल, कशात रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते उपचार करून घेण्यासारखं दुखणं आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. दुसरी शक्यता शरीराची. थायरॉइडचा बिघाड, कमी झालेलं हिमोग्लोबिन, बी-१२ची कमतरता, चालू असलेली एखादी गोळी, यांनीही अंगातलं बळ जातं आणि मनाची उभारीही जाते. ‘रिपोर्ट चांगले आहेत’ म्हणजे त्या आजाराचे रिपोर्ट चांगले आहेत. बाकीची चौकशी त्यात झालेली असतेच असं नाही. ‘मला बरं वाटत नाहीये’ हे वाक्य तुम्हाला आपण होऊन म्हणावं लागेल.

आता तुमचा प्रश्न. आधी मन, की आधी कामं?

आधी कामं. पण तुमच्या यादीतली पंधरा नव्हेत.

मन खचलं की आपण एकेक गोष्ट सोडत जातो. फिरायला जाणं सुटतं, फोन सुटतात, आवडीचं काम उद्यावर जातं. मग दिवसात मनाला उचलून धरेल असं काहीच उरत नाही आणि ते आणखी खचतं. हे चक्र १९७०च्या दशकात पीटर लेविन्सन या मानसशास्त्रज्ञाने नीट उलगडून दाखवलं. पुढे १९९६ मध्ये नील जेकबसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या एका प्रचलित उपचाराचे भाग सुटे करून पाहिले. काही रुग्णांना विचार कसे तपासायचे आणि बदलायचे हे शिकवलंच नाही. सुटलेल्या गोष्टी दिवसात हळूहळू परत आणायला तेवढी मदत केली. तरीही पूर्ण उपचार घेतलेल्यांइतकाच त्यांनाही फरक पडला. म्हणजे मन ताळ्यावर येण्याची वाट बघत बसायची गरज नाही. हात आधी हलला तरी चालतो, मन त्याच्या मागून येतं. ते लगेच येत नाही, आणि पहिले काही दिवस तर काहीच होत नाहीये असं वाटेल, हेही सांगून ठेवते.

पण ही हालचाल कोणत्या मापाची असावी, इथेच सगळी मेख आहे. तुमची सकाळची यादी कोण करतं, याचा विचार केलात का? मला वाटतं, ती आजारपणाआधीच्या तुम्ही करता, जिला दिवसभरात पंधरा कामं उरकायची सवय होती. आणि ती पाळायला जातात आजारपणानंतरच्या तुम्ही. रात्री निकाल लागतो : तीन झाली, बारा राहिली. दीड वर्ष रोज रात्री हाच निकाल. या हिशोबात कोणीही खचलं असतं.

त्यात भर डायरीची. तुमच्या डायरीत एकही झालेली गोष्ट नाही. रोजची ती तीन कामं कुठे गेली? त्यांची कुठेच नोंद नाही.

तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या दोघा संशोधकांनी एकदा सात कंपन्यांमधल्या २३८ लोकांना कामाचा दिवस संपला की रोज थोडं लिहायला सांगितलं. आज काय घडलं, कसं वाटलं. अशा जवळजवळ १२,००० नोंदी जमल्या. मन सगळ्यात प्रसन्न असलेल्या दिवसांपैकी ७६ टक्के दिवशी कामात काहीतरी पुढे सरकलेलं होतं. बऱ्याचदा फार मोठं काही नव्हे, एखादी अडलेली गोष्ट सुटली, एखादा टप्पा पार पडला, एवढंच. याच नोंदींमधून आणखी एक गोष्ट दिसली आणि तुमच्यासाठी मला ती जास्त महत्त्वाची वाटते : पुढे सरकल्याने मन जेवढं वर येतं, त्यापेक्षा मागे पडल्याने जास्त खाली जातं. तागडीच मुळात एका बाजूला कललेली आहे. आणि तुम्ही रोज रात्री त्याच बाजूला बारा वजनं टाकता.

डायरी सोडू नका, फक्त तिचा प्रश्न बदला. ‘काय राहिलं’ ऐवजी ‘आज काय सरकलं?’ ‘काय झालं’ असंही विचारू नका. तुम्ही भाषेत काम करता, तुम्हाला हा फरक मी समजावून सांगायला नको. ‘झालं’ म्हणायला काम संपावं लागतं. ‘सरकलं’ म्हणायला ते जागचं हललं तरी पुरतं. एका वाक्याचा मनासारखा अनुवाद सुचत नव्हता, तीन पर्याय लिहून पाहिले आणि तिन्ही खोडले. झालं काहीच नाही, पण सरकलं नक्कीच, कारण उद्या त्या तीन वाटांनी जायचं नाही हे कळलं. रोज अशा दोन-तीन ओळी लिहा. एखाद्या रात्री एकही सुचली नाही तर ‘आज अंघोळ करून कपडे बदलले’ हेही लिहा. ज्या दिवशी अंथरुणातून उठणं हेच सगळ्यात मोठं काम असतं, त्या दिवसाची तीच खरी नोंद आहे.

आता तुम्ही म्हणाल, उद्याची कामं लिहिली नाहीत तर विसरतील. लिहा ना. झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांतली कामं कागदावर उतरवणाऱ्यांना लवकर झोप लागते, असं २०१८ मधल्या एका प्रयोगात दिसलंही होतं. म्हणजे तुमची सवय मुळात चुकीची नाही. तिला वेगळा कागद द्या, एवढंच. डायरीत आजचं सरकलेलं, सुट्या कागदावर उद्याचं. उद्याचं काम ही आजची चूक नव्हे, आणि दोन्ही एकाच पानावर आली की ती तशी वाटायला लागते.

आता पुस्तक. रोज दोन ओळी. मी गंभीरपणे म्हणतेय. माप ठरवताना आपल्या चांगल्या दिवसाकडे पाहायचं नाही, सगळ्यात वाईट दिवसाकडे पाहायचं. त्या दिवशी जे जमेल तेच रोजचं माप. तुमच्या वाईट दिवशी दोन ओळीही होत नसतील तर फाइल उघडून शेवटचा परिच्छेद वाचायचा आणि बंद करायची. चांगला दिवस उजाडला आणि दोन पानं झाली तर आनंदच आहे, पण दुसऱ्या दिवशीचं माप पुन्हा दोनच ओळी. इथे पुष्कळ जण घसरतात, विशेषतः आजारातून उठलेले. एक दिवस बरा जातो, त्या दिवशी आठवड्याचं काम उपसतात, मग चार दिवस उठवत नाही आणि ‘बघ, जमतच नाही’ हे पुन्हा खरं वाटायला लागतं. शक्य झालं तर वाक्याच्या मध्येच थांबा. पुढे काय लिहायचं हे ठाऊक असताना सोडलेलं काम दुसऱ्या दिवशी हातात घेणं सोपं जातं.

एखादा दिवस चुकेलच. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांच्या नव्या सवयींचा माग काढला होता, २०१०चा त्यांचा शोधनिबंध आहे. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ पुरले तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. तेव्हा चुकलेला दिवस भरून काढायला चार ओळी लिहू नका. दोनच.

आणखी एक. तुमच्या पंधरा कामांत केवळ आवडतं म्हणून केलेलं एक तरी आहे का? पत्रात तरी दिसलं नाही. कोणाच्याही उपयोगाची नसलेली अशी एक गोष्ट दिवसात असू द्या, दहा मिनिटांची का असेना. ती उरलेल्या वेळात नको, ठरलेल्या वेळी.

प्रकाशकाला अजून कळवलं नसेल तर कळवा. आजारपणामुळे उशीर होतोय, नवी तारीख अमुक दिवसांत सांगते, एवढं पुरे. पाच महिने मनावर असलेल्या ओझ्यातला केवढा तरी भाग या न लिहिलेल्या पत्राचा असू शकतो.

आता माणसांकडे येते. सरकण्याबद्दल एवढं लिहिलं खरं, पण ते एकट्याने डायरीत मोजत राहिलं तर फार दिवस टिकत नाही. आपलं छोटं सरकणं दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांना दिसावं लागतं. तुमच्याकडे अशी दोन माणसं आहेत आणि सध्या दोघांशीही बोलणं अडलंय.

नवऱ्याबद्दल तुम्ही ‘समजूतदार’ लिहिलंत आणि पुढच्याच वाक्यात ‘नालायक वाटतं’. या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात. न्यूयॉर्कमध्ये नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी वकिलीच्या परीक्षेला बसलेल्या लोकांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या रोजच्या नोंदी तपासल्या होत्या. २००० साली ते काम प्रसिद्ध झालं. आज जोडीदाराने आधार दिला, असं परीक्षार्थीला जेव्हा जाणवे, तेव्हा त्याचं मन हलकं व्हायच्या ऐवजी बऱ्याचदा जडच झालेलं असे. आणि जोडीदाराने आधार दिलेला, पण परीक्षार्थीच्या ते लक्षातही न आलेलं, अशा वेळी तो जास्त निवांत असे. हे वाचून मला माझ्या घरातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. देणाऱ्याच्या मनात माया असते, पण घेणाऱ्याच्या कानावर ‘तुला एवढंही जमत नाही’ असं काहीतरी पडतं. यात दोष कोणाचाच नसतो.

त्याच्याही दीड वर्षाचा विचार करून पाहा. दवाखान्याच्या बाकावर बसून त्याने काय काय डोळ्यांसमोर आणलं असेल, हे त्याने तुम्हाला सांगितलंय का? बहुतेक नसेल. तुमचा चेहरा उतरला की त्याच्या पोटात तीच भीती कालवत असेल, आणि भ्यालेला माणूस उपाय शोधत सुटतो. म्हणून त्याला ‘तू उपाय सांगू नकोस’ एवढंच म्हटलंत तर तो गप्प होईल, पण भीती तशीच राहील. त्याला उपायाच्या जागी दुसरं काहीतरी करायला द्या. बोलायच्या आधीच सांगा : ‘मला दहा मिनिटं नुसतं ऐकून घे. उपाय हवा असेल तर मी मागेन.’ आणि खरोखर हवा असेल तेव्हा मागाही, नाहीतर त्याला आपण कुचकामी ठरलो असं वाटेल.

दुसरं काम म्हणजे रात्रीचा तो प्रश्न त्याच्याकडे द्या. ‘आज काय सरकलं?’ असं त्याने विचारावं, आणि तुम्ही काही सांगितलंत की त्यावर आणखी एकच प्रश्न विचारावा. कुठलं वाक्य अडलं होतं? मग काय शब्द काढलास? जोडप्यांच्या अभ्यासात शेली गेबल यांना असं आढळलं की, नात्याची वीण किती घट्ट आहे हे वाईट बातमी ऐकून जोडीदार कसा वागतो यापेक्षा चांगली बातमी ऐकून कसा वागतो यावरून जास्त कळतं. तुमची चांगली बातमी सध्या दोन ओळींची आहे. तिलाही ऐकणारं माणूस हवं. पण ही हजेरी होतेय, आज सांगायला काही नाही म्हणून तुम्ही त्याला टाळताय, असं दिसलं तर त्याच दिवशी बंद करा. ‘आज नको’ म्हणायची मुभा आधीच ठरवून घ्या.

मला स्वतःला असा आधार एकदा मिळालाय. आई गेल्यानंतरच्या महिन्यांत माझी एक मैत्रीण दर गुरुवारी संध्याकाळी येऊन बसायची. स्वतःचं काम घेऊन यायची, माझ्या समोरच्या खुर्चीत बसून ते करायची. कशी आहेस असंही फारसं विचारायची नाही. तिच्या समोर बसून मी आईची कागदपत्रं एकेक करून लावली. एकटी असताना महिनाभर त्या पेटीला हात लावू शकले नव्हते. तिने मला मदत केली हे मला तेव्हा कळलंदेखील नव्हतं.

आता तुमची मैत्रीण. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त हळहळ इथे वाटली, कारण चार महिन्यांत हे दुःख दोघींचं झालंय. तुम्ही लाजेने गप्प आहात हे तिला कसं कळणार? ती कदाचित आपलं काय चुकलं हे शोधत असेल. शेवटच्या भेटीत काय बोललो, कुठल्या शब्दाने दुखावलं, असं.

‘सांगण्यासारखं काही घडत नाही’ हे कारण तुम्हाला पटलेलं आहे, पण आठवून पाहा, तुमची मैत्री झाली तेव्हा दोघींकडे सांगण्यासारखं असं काय होतं? बहुतेक काहीच नसेल, आणि तरी बोलणं संपत नसेल. मैत्रिणीला अहवाल द्यायचा नसतो. पेगी ल्यू आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये नेमकं हेच तपासलं. एकूण ५,९००हून जास्त लोकांवर केलेल्या प्रयोगांमध्ये दिसलं ते असं : ‘तुझी आठवण आली’ एवढंच कळवल्याने समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज कळवणाऱ्यांनी कमीच केला. आणि तो निरोप जितका अनपेक्षित, तितका घेणाऱ्याला जास्त मोलाचा वाटला. चार महिन्यांच्या ज्या अंतराची तुम्हाला लाज वाटतेय, त्याच अंतरामुळे तुमच्या दोन ओळी तिच्यासाठी मोलाच्या होणार आहेत.

लांबलचक खुलासा लिहायला बसू नका. तो लिहिता लिहिता पुन्हा ‘उद्या पाठवू’ होईल. एवढंच पाठवा : ‘तुझे सगळे मेसेज वाचले. मन ठीक नव्हतं म्हणून उत्तर दिलं नाही, तुझं काही चुकलं नाही. तुझी आठवण येते.’ हवे तर शब्द तुमचे घाला, पण ‘तुझं काही चुकलं नाही’ हे वाक्य गाळू नका. भेटायचं वचन आत्ताच देऊ नका, अंगात बळ नसताना दिलेलं वचन मोडलं की पुन्हा नवी लाज. उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या. तिला कदाचित थोडा राग असेल, आणि तो तिने बोलून दाखवला तर तेही चांगलंच आहे. परक्या झालेल्या माणसावर कोणी रागवत नाही.

आणि तिचा फोन आला की काय बोलायचं, हे आधी जुळवून ठेवू नका. दीड वर्ष सगळे तुम्हाला विचारत आलेत, कशी आहेस, औषध घेतलंस का, झोप लागली का. तुम्ही कोणाला काही विचारून किती दिवस झाले? तिला विचारा, तुझं काय चाललंय? मग ती सांगेल ते सगळं, अगदी फालतू वाटेल तेही, पुरतं ऐका.